खाण बंद, क्लब चालू

जर्मनीत शहरवार उत्पन्नाचे आकडे जाहीर झाले की गेल्झेनकिर्शेन यादीच्या तळाशी शोधायचं आणि बेरोजगारीचे आकडे आले की वरच्या टोकाला. वर्षानुवर्षं यात फारसा फरक पडलेला नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी इथे चार लाखांच्या जवळपास माणसं राहत होती, आता २ लाख ६० हजारांच्या आसपास उरली आहेत. आणि या शहरातल्या शाल्के नावाच्या वस्तीत जन्मलेल्या एका फुटबॉल क्लबचे सदस्य आहेत दीड लाखाहून जास्त. नुसते टीव्हीसमोर बसून ओरडणारे नव्हेत, वर्गणी भरणारे आणि खिशात ओळखपत्र बाळगणारे.

मी नोकरीच्या निमित्ताने शेजारच्या एसेनमध्ये राहतो. एसेनचा स्वतःचा लाल-पांढरा क्लब आहे आणि इथल्या जुन्या लोकांना शाल्केचा निळा रंग बघवत नाही, तेव्हा हा लेख जर्मनमध्ये लिहिण्याची माझी हिंमत झाली नसती. पण आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. मूळचे गेल्झेनकिर्शेनचे, तरुणपणी खाणीत उतरलेले, शाल्केचे जन्माचे सदस्य. त्यांच्या नादाने मी हा क्लब बघायला लागलो आणि बघता बघता एका प्रश्नात अडकलो. खाणकामगारांचा क्लब म्हणून जो मिरवतो त्यात खाण खरी किती आणि देखावा किती?

देखावा भरपूर आहे, हे आधीच सांगून टाकतो. संघाचं टोपणनाव ‘क्नापेन’, म्हणजे उमेदवारी पुरी केलेले खाणकामगार. ज्युनियर खेळाडूंच्या अकादमीचं नावही त्यावरूनच. घरच्या सामन्याआधी साठ हजार लोक उभं राहून खाणकामगारांचं जुनं गाणं म्हणतात. खेळाडू मैदानात येतात तो बोगदा खाणीतल्या बोगद्यासारखा केलाय, काळ्या खडबडीत भिंतींचा. आता त्यातून बाहेर येणाऱ्या पोरांपैकी एकानेही कोळशाची खाण आतून पाहिलेली नसणार. २१ डिसेंबर २०१८ ला शेजारच्या बोट्रॉपमधली प्रॉस्पर-हानिएल ही जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. वर आणलेला शेवटचा कोळशाचा तुकडा राष्ट्राध्यक्षांच्या हातात देण्यात आला. त्याच आठवड्यात लेव्हरकूझनविरुद्धच्या सामन्यात शाल्केने खाणकामगारांना जाहीर निरोप दिला. आजोबा त्या सामन्याला गेले होते. ‘रडलो,’ म्हणाले, ‘आणि वर हरलो.’

सुरुवात मात्र अगदी खरी आहे. १९०४ च्या मे महिन्यात चौदा-पंधरा वर्षांच्या काही पोरांनी वेस्टफालिया शाल्के नावाचा क्लब काढला. बहुतेक जण खाणीत किंवा कारखान्यात उमेदवारी करणारे. फुटबॉल तेव्हा शाळा-कॉलेजातल्या, बऱ्या घरच्या मुलांचा खेळ. रस्त्यावरच्या पोरांच्या या टोळक्याला फुटबॉल संघटनेने दारात उभं केलं नाही. म्हणून १९१२ मध्ये ही पोरं तिथल्या एका व्यायाम मंडळात शिरली, त्यांच्या आडोशाने खेळली आणि १९२४ मध्ये वेगळी झाली. शाल्के ०४ हे नाव आणि निळा-पांढरा रंग तेव्हापासूनचा.

पोरं कोण होती, हे महत्त्वाचं आहे. रुहर म्हणजे गेल्झेनकिर्शेन-एसेनचा हा कोळशाचा पट्टा. इथल्या खाणींना माणसं कमी पडत होती, तेव्हा पूर्व प्रशियाच्या दक्षिणेकडच्या मझुरिया भागातून कुटुंबंच्या कुटुंबं इकडे आणली गेली. धर्माने प्रोटेस्टंट, राजाशी एकनिष्ठ, पण बोली पोलिश वळणाची. शाल्के वस्तीत हेच लोक दाटीवाटीने राहायचे. त्यामुळे संघातली नावं कुझोरा, शेपान, टिबुल्स्की, कालविट्स्की अशी. विरोधी संघांचे लोक त्यांना ‘पोलाकांचा क्लब’ म्हणून हिणवायचे. १९३४ मध्ये शाल्के पहिल्यांदा जर्मन विजेता झाला, तेव्हा पोलंडमधल्या एका वर्तमानपत्राने ‘जर्मनीचं विजेतेपद पोलिश माणसांच्या हातात’ अशा अर्थाचा मथळा दिला. क्लबच्या पदाधिकाऱ्यांची धांदल उडाली. त्यांनी एका जर्मन क्रीडा नियतकालिकाला खेळाडूंच्या आईवडिलांची जन्मगावं कळवली, सगळी जर्मन साम्राज्यातलीच आहेत हे दाखवायला. विजयाच्या आनंदात आपल्याच खेळाडूंचे जन्मदाखले वाटत बसण्याची वेळ! सालही बघा, १९३४.

त्या काळचा खेळ कसा होता, याच्या आठवणी आजोबांकडे वडिलांकडून आलेल्या. फ्रेड आणि हान्स बालमान हे दोघे भाऊ इंग्लंडमध्ये वाढलेले, पहिल्या महायुद्धानंतर इकडे आले आणि चेंडू जमिनीवर ठेवून छोट्या छोट्या पासांनी फिरवायचा खेळ घेऊन आले. त्यातून ‘शाल्केची भिंगरी’ तयार झाली. लांब लाथ हाणून पळायचं नाही, चेंडू आपल्यातच फिरवत राहायचा आणि समोरच्याला गरगरायला लावायचं. या भिंगरीचा आस दोघे जण: एर्न्स्ट कुझोरा आणि फ्रिट्झ शेपान. शेपानने कुझोराच्या बहिणीशी लग्न केलेलं, म्हणजे मेहुणे-मेहुणे. १९३४ च्या अंतिम सामन्यात न्युर्नबर्ग शेवटच्या काही मिनिटांपर्यंत १-० ने पुढे होतं. आधी शेपानने बरोबरी केली, मग ९० व्या मिनिटाला हर्नियाच्या दुखण्याने बेजार झालेल्या कुझोराने दुसरा गोल मारला आणि तिथेच कोसळला.

हे लोक खाणीत कोळसा खणून संध्याकाळी फुटबॉल खेळायचे, अशी आपली गोड समजूत असते. आजोबांनी माझी समजूत एका वाक्यात मोडली: ‘अरे, रोज आठ तास खाली वाकून काम केलेला माणूस संध्याकाळी भिंगरी फिरवेल का? त्याला जेवायलाही धड बसता येत नाही!’ क्लबला १९२८ मध्ये जे पहिलं मोठं स्टेडियम मिळालं, त्याची जमीन कॉन्सोलिडेशन या खाणीची. स्टेडियमच्या नावात खाणकामगारांचा नमस्कार, ‘ग्लूकआउफ’. चांगल्या खेळाडूंना खाणीच्या हजेरीपटावर ठेवायचं आणि जमिनीवरचं हलकं काम द्यायचं, हा रिवाज. थोडक्यात, पोरं कामगारांची आणि आधार मालकांचा. यात मला काही ढोंग दिसत नाही. खेळायला वेळ पाहिजे, आणि गरिबाचा वेळ कुणीतरी विकत घेतल्याशिवाय मोकळा होत नाही.

हाच मुद्दा १९३० मध्ये जिवावर बेतला. तेव्हा जर्मनीत व्यावसायिक फुटबॉलला बंदी. खेळाडूला ठरावीक भत्त्यापलीकडे पैसे द्यायचे नाहीत, कारण खेळ हा हौशी सद्गृहस्थांचा. शाल्के आपल्या खेळाडूंना भत्ता जास्त देतं, असं उघड झालं आणि ऑगस्ट १९३० मध्ये पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १४ खेळाडूंना ‘व्यावसायिक’ ठरवून त्यांच्यावर बंदी घातली. एका फटक्यात पहिला संघ संपला. जास्तीचे पैसे सगळेच मोठे क्लब देत होते, सापडले हे. क्लबचे खजिनदार विली नीर यांनी राइन-हेर्ने कालव्यात जीव दिला. हिशेबाच्या वहीतल्या काही जर्मन मार्कांपायी.

पुढच्या वर्षी बंदी उठली. १ जून १९३१ ला फोर्टुना ड्युसेलडॉर्फशी सामना ठरला. मैदानात मावतील त्याच्या दुप्पट, जवळजवळ ७० हजार लोक आले आणि खेळपट्टीच्या रेघेपर्यंत माणसं बसली होती. निकालाला काही अर्थ नव्हता. लोक फक्त आपली माणसं परत आलेली बघायला आले होते. क्लबचे पाठीराखे होते ते क्लबचे धनी झाले ते त्या दिवशी, असं मला वाटतं. कागदोपत्री नाही, पण मनाने.

त्यानंतरची यादी भरगच्च: १९३४, १९३५, १९३७, १९३९, १९४० आणि १९४२, अशी सहा विजेतेपदं. १९३९ च्या अंतिम सामन्यात व्हिएन्नाच्या अडमिराला ९-० ने चिरडलं. वर्षं पुन्हा एकदा वाचा, म्हणजे या यादीचा त्रास कळेल. क्लबचे उपाध्यक्ष होते पॉल आयशनग्र्यून, ज्यू दंतवैद्य. १९३३ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. शेपान नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि शाल्केच्या बाजारपेठेतलं एक कापडाचं दुकान त्याच्या ताब्यात आलं. दुकान ज्यू मालकांचं, सॅली मायर आणि युली लिष्टमान यांचं. ते ‘आर्यीकरणा’त, म्हणजे ज्यूंची मालमत्ता हिसकावून घेण्याच्या नाझी मोहिमेत गेलं, मालकांना १९४२ मध्ये रिगाला पाठवलं आणि त्यांना मारण्यात आलं. शेपान हे दुकान युद्धानंतरही चालवत राहिला. २००१ मध्ये नव्या स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्याचं नाव द्यायचं घाटत होतं, तेव्हा हा विषय वर आला आणि बेत सोडून द्यावा लागला. मग क्लबने इतिहासकारांकडून त्या काळाचा रीतसर अभ्यास करवून घेतला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. उशीर झालाच. पण पुष्कळ क्लबांनी तेवढंही केलं नव्हतं.

१९५८ च्या सातव्या विजेतेपदानंतर आजवर आठवं नाही. १९६३ मध्ये बुंडेसलिगा ही देशव्यापी लीग सुरू झाली, तिच्या पहिल्या सोळा संघांत शाल्के होता, पण ती स्पर्धा त्याने एकदाही जिंकलेली नाही. १९७१ च्या एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर बिलेफेल्डकडून ०-१ हार झाली. ती विकलेली होती, माणशी २३०० मार्क. खेळाडूंनी न्यायालयात शपथेवर नाही म्हटलं, ते खोटं निघालं आणि क्लबला ‘एफसी खोटी शपथ’ हे नाव चिकटलं. त्या संघात राइनहार्ड लिबुडा होता, उजव्या बाजूचा जादूगार. शहरात कुण्या धर्मप्रचारकाचं पोस्टर लागलं होतं, ‘देवाला चुकवून कोणी पुढे जाऊ शकत नाही’. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘लिबुडा सोडून’, असं सांगतात. हा लिबुडा पुढे कुझोराचं तंबाखूचं दुकान चालवायला बसला. एका काळाचा देव गल्ल्यावरून उठला आणि दुसऱ्या काळाचा देव त्याच गल्ल्यावर बसला. आजोबा तिथे सिगारेटी घ्यायला जायचे. ‘सुट्टे पैसे देताना डोळे वर करायचा नाही,’ म्हणाले.

ग्लूकआउफ हे जुनं स्टेडियम आजही आहे. तिथून कुर्ट-शुमाखर रस्त्याला लागलं की निळ्या-पांढऱ्या रंगातले बार, दुकानं, भिंती. मधून ३०२ नंबरची ट्राम धावते. याच रस्त्यावर सेंट जोसेफचं चर्च आहे, त्याच्या रंगीत काचेच्या खिडकीत संत अलोइसियस उभा आहे. पायात फुटबॉलचे बूट, निळे-पांढरे मोजे, पायाशी चेंडू. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुणीतरी अलीकडे केलेली थट्टा वाटली, पण नाही, खिडकी जुनी आहे. नव्या स्टेडियमच्या आत प्रार्थनागृह आहे, तिथे लग्नं लागतात, बाळांचे बाप्तिस्मे होतात. मेल्यानंतरचीही सोय आहे: शहराच्या दफनभूमीत चाहत्यांसाठी वेगळी जागा, कबरी १९०४.

आणि राजकारणी योहान्स राउ यांचा तो किस्सा. स्टेडियमना बायकांची नावं का देत नाहीत, असा विषय निघाला. राउ म्हणाले, मग काय नाव द्यायचं? ‘एर्न्स्ट कुझोरा त्याच्या बायकोचं स्टेडियम’? रुहरच्या बोलीत ते फार मजेदार लागतं. प्रत्यक्षात नव्या स्टेडियमला २००५ पासून एका बियर कंपनीचं नाव आहे, आणि आत बियर पोचवायला पाच किलोमीटरची पाइपलाइन. यावर राउ काय म्हणाले असते कोण जाणे.

१९ मे २००१ विषयी न लिहिता शाल्केवर लिहिणं शक्य नाही. ग्लूकआउफनंतरच्या पार्कस्टेडियममधला शेवटचा लीग सामना. शाल्केने उंटरहाखिंगला ५-३ ने हरवलं, दोनदा मागे पडून. तिकडे हॅम्बुर्गमध्ये बायर्न म्युनिकला विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती आणि ९० व्या मिनिटाला हॅम्बुर्गने गोल केला. इकडे बातमी आली, तिकडचा सामना संपला. लोक मैदानात उतरले, दारूकाम सुरू झालं, मोठी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. तिकडचा सामना संपला नव्हता. मोठ्या पडद्यावर अचानक हॅम्बुर्गचं थेट चित्र आलं आणि हजारो लोकांनी उभ्या उभ्या बघितलं: बायर्नला गोलच्या अगदी जवळून फ्री किक, पॅट्रिक अँडरसनचा फटका, गोल. विजेतेपद टिकलं चार मिनिटं ३८ सेकंद. मॅनेजर रुडी आसाउअर म्हणाले, आजपासून फुटबॉलच्या देवावर माझा विश्वास नाही.

त्या फ्री किकमागची गोष्ट मला गोलपेक्षा मोठी वाटते. आपल्याच खेळाडूने मागे दिलेला चेंडू हॅम्बुर्गच्या गोलकीपरने हाताने उचलला, म्हणून ती मिळाली. हा गोलकीपर माथियास शोबर शाल्केचाच, त्या मोसमापुरता हॅम्बुर्गला उसना दिलेला. अशा माणसाला एखाद्या गावाने जन्मभर तोंड दाखवू दिलं नसतं. शाल्केने पुढे त्याला आपल्या अकादमीचा प्रमुख केलं.

याच अकादमीतून नॉयर, ओझिल, ह्योवेडेस, ड्राक्सलर निघाले, २०१४ च्या जगज्जेत्या संघातले चौघे. मझुरियाच्या नातवंडांची जागा तोवर तुर्की कामगारांच्या नातवंडांनी घेतली होती. ओझिलचा जन्म गेल्झेनकिर्शेनमधलाच. आडनावं बदलली, बाकी गोष्ट तीच.

आता क्लब कोणाचा, या प्रश्नाकडे. बुंडेसलिगातल्या बहुतेक मोठ्या क्लबांनी आपला व्यावसायिक फुटबॉल वेगळ्या कंपनीत काढला आहे. शाल्केने नाही काढला. पहिला संघ आजही नोंदणीकृत संस्थेचा भाग आहे, हँडबॉल, बास्केटबॉल, टेबल टेनिसच्या शेजारी. देखरेख मंडळात ११ जण, त्यातले सहा वार्षिक सभेत सदस्य निवडतात, एका माणसाला एक मत. ही सभा मी आजोबांच्या लॅपटॉपवर थोडी बघितली आणि मला घरच्यासारखं वाटलं: सहकारी साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत माइक हातात आलेला सभासद जसा अध्यक्षांना जुन्या हिशेबापासून धुतो, तसंच. फक्त इथे गळ्यात निळा मफलर.

सदस्यांचं राज्य म्हणजे शहाणं राज्य, असा माझा दावा नाही. याच सभांनी मोठी स्वप्नं विकणाऱ्यांना टाळ्या दिल्या. क्लेमेन्स ट्योनिस हे मांस उद्योगातले उद्योगपती जवळपास दोन दशकं देखरेख मंडळाचे अध्यक्ष होते, आणि २००७ पासून छातीवर गॅझप्रॉमचं नाव होतं. कामगारांच्या क्लबच्या छातीवर रशियाची सरकारी गॅस कंपनी, हे त्या पैशातून चांगले खेळाडू येत होते तोवर फार कुणाला खुपलं नाही. कोळशाच्या गावाने गॅसचा पैसा खाल्ला, असं मी एकदा म्हणालो तर आजोबा दोन दिवस बोलले नाहीत.

पण बिल आलं तेव्हा खाणीची ती भाषा कामाला आली. शाल्केने १९९४ मध्ये वंशद्वेषाविरुद्धचं कलम क्लबच्या घटनेत घातलं, बुंडेसलिगा क्लबांमध्ये सर्वांत आधी. २०१९ मध्ये ट्योनिस यांनी एका भाषणात आफ्रिकेतल्या लोकांविषयी हीन उद्गार काढले, तेव्हा चाहत्यांनी हेच कलम त्यांच्यासमोर धरलं. क्लबच्या समितीने वंशद्वेषाचा ठपका ठेवला नाही, ते तीन महिने पदावरून बाजूला राहिले. मला ही पळवाट वाटली, आणि मी एकटा नव्हतो. २०२० मध्ये त्यांच्या कारखान्यात कोरोना पसरला, कंत्राटी कामगारांच्या हालांची चर्चा देशभर झाली. खाणकामगारांचा वारसा सांगणाऱ्या क्लबच्या डोक्यावर हा माणूस कसा, असं विचारत चाहत्यांनी स्टेडियमभोवती साखळी धरली. काही दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर गॅझप्रॉमचं नावही छातीवरून गेलं. तोवर क्लबवर वीस कोटी युरोंहून जास्त कर्ज होतं आणि मैदानावर त्याहून वाईट चाललं होतं: लीगमध्ये सलग ३० सामने विजयाशिवाय, मग २० एप्रिल २०२१ ला दुसऱ्या श्रेणीत घसरण. ज्या सामन्याने शिक्कामोर्तब झालं तो बिलेफेल्डविरुद्धचा, ०-१. विकलेल्या त्या सामन्याला नुकतीच ५० वर्षं झाली होती. या वेळी कुणाला पैसे द्यायची गरजच पडली नाही. त्या रात्री परतलेल्या खेळाडूंवर काही चाहत्यांनी अंडी फेकली, काहींना पळत सुटावं लागलं. मालकीच्या भावनेचं हेही रूप.

२०२२ ला वर, २०२३ ला पुन्हा खाली. कर्ज फेडायला ई-स्पोर्ट्सच्या लीगमधली जागासुद्धा विकून झाली. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा तर क्लबची कंपनी करावी लागणार आणि त्याला सभेत पुरेशी मतं मिळणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत. म्हणून २०२५ च्या सुरुवातीला क्लबने सहकारी संस्था काढली. एक भाग २५० युरोंचा, जमलेल्या पैशातून स्टेडियमच्या कंपनीतला हिस्सा घ्यायचा, आणि भाग कितीही घेतले तरी मत एकच. एकूण कर्जापुढे ही रक्कम छोटी आहे आणि या मार्गाने क्लब बायर्नच्या जवळपासही पोचणार नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

आजोबांनी दोन भाग घेतले, एक स्वतःच्या नावावर, एक नातीच्या. लाभांश मिळतो का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुला अजून पहिल्यापासून सांगायला पाहिजे.’ मग कुझोरापासून सुरू झाले.